चुन्याचा दिवस

१

सकाळी उठून पहिलं काम म्हणजे शेडमधल्या मेलेल्या रेशीम-अळ्या वेचणं. तेही चहाच्या आधी. ज्यांच्याकडे मी हे काम शिकत होते त्या जोतिबाकाकांचं म्हणणं असं, की पोटात चहा गेला की माणूस निवांत होतो आणि निवांत माणसाला रोगी अळी दिसत नाही. माझं म्हणणं असं, की पोटात काही नसलेलंच बरं, म्हणजे बाहेर यायला काही उरत नाही.

रोगी अळी फुगते, दुधाळ पिवळी पडते आणि चिमटा जरा जोरात लागला की फुटते. आतून ताकाच्या निवळीसारखं काहीतरी ओघळतं. ती अळी उचलून ब्लीचिंग पावडरच्या बादलीत टाकायची. पहिल्याच दिवशी माझ्या हातून एक फुटली. त्यानंतर कितीतरी दिवस जेवताना मी ताकाचं भांडं लांब सरकवून ठेवत होते.

बरं, मला कुणी बोलावलं नव्हतं. हौसेनं आले होते. वाईजवळ आमची थोडी जमीन आहे, वर्षानुवर्षं खंडानं दिलेली. तिथं तुती लावायची, रेशमाची शेड बांधायची, असं माझ्या मनानं घेतलं. रेशीम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आईची जांभळी पैठणी यायची. तो धागा कुणाच्या तोंडातून निघतो, हे काही मी नीट बघितलं नव्हतं. प्रशिक्षण देणारे म्हणाले, वर्गात बसून हे कळत नाही, उन्हाळाभर एखाद्या जाणत्या शेतकऱ्याकडे राहा, अळ्यांची एक अख्खी बॅच स्वतःच्या हातानं काढा. म्हणून मी जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला खेटलेल्या या वस्तीवर येऊन पडले. चारी बाजूंनी भाजलेलं माळरान, मेंढरं, पाण्याचे टँकर, आणि मधेच शेततळ्याच्या कडेला काकांचा हिरवागार तुतीचा तुकडा. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं म्हणायची सोय होती म्हणून म्हणत होते.

बरोबर निमिष होता, माझा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा. हिवाळ्यात त्याला कावीळ झाली. कावीळ गेली, पण अन्नावरची वासना काही परत आली नाही. फोडणीचा वास आला की तो उठून गच्चीवर जायचा. डॉक्टर म्हणायचे, रिपोर्ट चांगले आहेत. रिपोर्ट चांगले, आणि पोराच्या बरगड्या शर्टातून दिसतायत. शेवटी आईनं त्याला माझ्या गळ्यात घातलं. "हवापालट होईल," ती म्हणाली. "तुझं रेशीम जाऊ दे खड्ड्यात. पण क्षमा, तो खाता झाला पाहिजे. नाहीतर मला माझं पोर हातचं जाताना दिसतंय गं."

२

काकांच्या बायकोच्या, साळूमावशींच्या घरात फोडणी होत नाही. म्हणजे बॅच चालू असेपर्यंत होत नाही. घर आणि शेड यांच्यात एकच भिंत, आणि तिलाही वरच्या अंगाला जाळीची खिडकी. तेलात मोहरी तडतडली की वास थेट अळ्यांवर. म्हणून उकडलेली डाळ, मीठ, भाकरी, ताक. उदबत्ती नाही, पावडर नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. काका सैन्यातून निवृत्त होऊन आले तेव्हा बिडी ओढत असत. पहिल्या बॅचला सुटली. "सुभेदारसायबानं सांगून सुटली न्हाई, अळीनं सांगितल्यावर सुटली बगा," असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

मला ते जेवण दवाखान्यातलं वाटलं. निमिषनं मात्र पहिल्याच संध्याकाळी दीड भाकरी खाल्ली. मी बघतच राहिले. वास नाही म्हणून मळमळ नाही, इतकी साधी गोष्ट आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

मावशी माहेरच्या विजापूरकडच्या. लाडात आल्या की कानडी शब्द तोंडात येतो. निमिषला त्या 'तम्मा' म्हणायला लागल्या, म्हणजे धाकट्या भावाला म्हणतात तसं. "खा तम्मा, लाजू नगंस," असं म्हणत त्या त्याच्या ताटात भाकरी टाकायच्या. "हितं समदी खायलाच आल्यात."

समदी म्हणजे भिंतीपलीकडचीसुद्धा. हजारो तोंडं एकदम पाला कुरतडायला लागतात तो आवाज ऐकल्याशिवाय कळायचा नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी वाळके पापड पोत्यात घालून सावकाश चुरत बसावं, तसा. तो थांबत नाही. आपण घास चावतो तेव्हा तीही चावत असतात. मला घास गिळवत नव्हता आणि माझा आजारी भाऊ मात्र त्या आवाजाच्या तालावर मजेत जेवत होता.

मी आईला फोन करून सांगितलं. ती नुसती रडली. तेवढ्यासाठी मी अळ्यांना माफ केलं.

मी चिमट्याशिवाय अळीजवळ जात नसे. निमिष त्यांना तळहातावर घ्यायचा. "ताई, बघ ना, किती गार असतात!" एक पांढरी, सुरकुतलेली अळी त्याच्या मनगटावरून बाहीत शिरत होती आणि तो हसत होता. मला शिसारी आली. "त्याच हातानं जेवायला बसू नकोस," एवढंच मी म्हणाले. कितीतरी महिन्यांनी हसला होता, जास्त काय बोलणार?

३

अळी वाढत जाते तशी तिला तिची कातडी पुरत नाही. मग ती खाणं सोडते, डोकं वर करते आणि दगडासारखी बसते. जुनी कात मागं सरकते आणि आतून मऊ, नवी अळी बाहेर येते. त्या दिवशी पाला द्यायचा नाही. रॅकवर चुना भुरभुरायचा, दार लावून घ्यायचं, हळू बोलायचं. वस्तीवर त्याला चुन्याचा दिवस म्हणतात.

"आज हात लावायचा न्हाई, ताई," काकांनी मला बजावलं. "बसलेली अळी हलवली की कात अंगालाच चिकटती. निम्मी आत, निम्मी भाईर. तशीच मरती मग. लय वंगाळ मरण."

अशा मेलेल्या मी बादलीत टाकल्या होत्या. पुढचा भाग पांढरा, मऊ. मागचा काळा पडून सडलेला.

दुपारी सगळे आडवे झाले. मे महिन्यातल्या जतच्या दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी भिंतीला पाठ लावून पडले होते आणि मला भिंतीपलीकडून चावण्याचा आवाज आला.

हजारो तोंडांचा नव्हे. एकाच तोंडाचा.

आधी वाटलं, कानांना सवय झालीय. मग वाटलं, उंदीर असेल. उंदीर शेडमध्ये शिरणं म्हणजे बॅचचं वाटोळं, म्हणून उठले. दारातल्या चपला घातल्या, पाय ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवले, आत गेले. रॅकच्या सगळ्या मजल्यांवर चुना पसरलेला आणि चुन्यातून वर आलेली डोकी, सगळी निश्चल. एकही अळी खात नव्हती. आवाज शेवटच्या कोपऱ्यातून येत होता. गारव्यासाठी तिथं ओली पोती टांगलेली असत, आणि त्यांच्या आडोशाला निमिष दुपारची चटई टाकायचा.

"निमिष?"

आवाज थांबला. पोतं सारून तो बाहेर आला. ओठ पुसत होता.

"काय खातोयस?"

"तुती. झाडाची काढली." तो हसला. त्याचे दात हिरवे झाले होते.

आता, तुतीचं फळ खाल्लं की तोंड जांभळं होतं. हे वाईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण कच्ची तुती हिरवी असते, हेही खरं. मी तेवढ्यावर मनाची समजूत घातली. त्याच्या मागं जमिनीवर तुतीच्या फांद्या पडल्या होत्या, पानं ओरबाडून नागव्या केलेल्या. त्या कालच्या असणार. आज तर पाला तोडलाच नव्हता.

रात्री तो जेवायला बसला नाही. पोट भरलंय म्हणाला.

४

कात टाकून उठलेल्या अळ्या अधाशासारख्या खातात. आम्ही सकाळ-संध्याकाळ फांद्यांचे भारे वाहत होतो आणि शेडमधून आंबट, ओल्या पाल्याचा दर्प घरभर पसरत होता. माझ्या केसांना, उशीला, पिण्याच्या पाण्याला तोच वास. आंघोळ करून आले तरी अंगावरून काहीतरी चालतंय असं वाटायचं आणि मी उगाच कुर्ता झटकत बसायचे.

निमिष भरत चालला. गाल वर आले, दंड गोलसर झाले, रंग उजळला. मी फोटो पाठवला तर आईनं उलट फोन केला, "अगं बाई, काय बाळसं धरलंय! त्या मावशींना माझ्याकडून चांगली साडी घे."

साडी कशाची घेणार? मावशींच्या ताटावर तो बसतच नव्हता. आवाजाच्या दुपारनंतर मी त्याला भाकरीचा तुकडा मोडताना पाहिलं नव्हतं. मी मावशींना विचारलं.

"खातोय की," त्या म्हणाल्या. "तुमी कशापायी जिवाला घोर लावून घेता? अंगाला लागतंय न्हवं?"

अंगाला लागत होतं, हे कुणीही सांगितलं असतं. ज्या पोरासाठी आई देवाला साकडं घालत होती, ते पोर डोळ्यांसमोर भरत होतं, आणि मी तक्रार काय करणार? तो काय खातो ते मला बघवत नाही, अशी?

एका सकाळी मी त्याचं अंथरूण झटकायला उचललं. चादरीतून काळे, सुके दाणे खाली पडले. अळ्यांची विष्ठा मी रोज झाडत होते. तिच्यावर उभे कंगोरे असतात आणि आकार मोहरीपेक्षा थोडा मोठा. या दाण्यांवरही कंगोरे होते. आकार मात्र बोराएवढा.

शेळीच्या लेंड्या, मी स्वतःला सांगितलं. मावशींची शेळी आहे, शिरली असेल घरात. शेळीच्या लेंड्या गुळगुळीत असतात, हे मला माहीत होतं. तरी मी तेच सांगत राहिले आणि केरसुणीनं ते सगळं अंगणात लोटलं. मग टँकरच्या पाण्यानं हात धुतले, पुन्हा धुतले. मावशी चुलीपुढून म्हणाल्या, "पाणी जपून, पोरी."

५

त्याचं बोलणं कमी झालं. हाक मारली की मान वळवायचा, तीही जरा उशिरानं. कातडी ताणलेली आणि चकचकीत दिसत होती, आतून उजेड लागल्यासारखी. मला वाटलं ताप आहे. कपाळाला हात लावला तर माठाच्या पोटाला लावावा तसं गार आणि दमट. मी नकळत हात ओढणीला पुसला. त्यानं ते पाहिलं. मला इतकी लाज वाटली, की मी पुन्हा त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि श्वास रोखून तिथंच ठेवला.

"उद्या घरी जाऊ या का रे?"

"झोप येतेय, ताई," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी काकांना सांगितलं, की सकाळच्या एसटीनं आम्ही सांगलीला आणि तिथून वाईला जातोय. त्याला डॉक्टरला दाखवते. बॅचचं नंतर बघू.

काकांनी मावशींकडं पाहिलं. "उद्या चुना हाय," ते म्हणाले. "दोन दिस थांबा. मग खुशाल न्या. मी सोता सोडतो तुमाला स्टँडवर."

"चुना अळ्यांना आहे, काका. आम्हाला नाही."

मावशी भाकरी थापत होत्या. त्यांनी परातीवरची नजर न उचलता म्हटलं, "पोरगं आताशी कुठं खातं झालंय. हलवू नगंस गं त्येला."

भीतीपेक्षा राग जास्त होता. माझ्या भावाबद्दल असं बोलायला ही कोण लागून गेली? मी ताडकन उठले आणि बॅगा भरल्या.

६

सकाळी निमिषची चटई रिकामी. काकांची मोटारसायकल नव्हती, ते वस्तीवरच्या कुणाकडं तरी गेले होते म्हणे. तुतीच्या ओळी पालथ्या घातल्या, शेततळ्याच्या काठावर जाऊन पाण्यात बघून आले. एसटीची वेळ टळून गेली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी नाइलाजानं शेडकडं वळले. शेवटी तिथंच जायचं आहे, हे मला पहाटेपासून ठाऊक होतं. पाय तेवढे तयार नव्हते.

आत पाऊल टाकलं आणि थबकले. आवाज नव्हता. कुठलाच नव्हता. मागच्या चुन्याच्या दिवशी जे काही एकटं चावत होतं, तेही आज थांबलं होतं.

पांढऱ्या रॅकच्या मधून मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि ओलं पोतं बाजूला केलं.

निमिष फांद्यांच्या थरावर बसला होता. पाठ ताठ, हनुवटी वर, हात मांड्यांवर. डोळे उघडे, पण त्यांच्यावर दुधावरच्या सायीसारखं काहीतरी आलेलं. केसांवर, खांद्यांवर, पापण्यांवर चुना. कुणीतरी हलक्या हातानं, मायेनं भुरभुरलेला.

"निमिष, ऊठ. ऊठ रे राजा." मी त्याचं मनगट धरलं.

माझ्या बोटांखाली कातडी सरकली. हात जागच्या जागी राहिला आणि कातडी तेवढी सैल बाहीसारखी पुढं आली. आंबट पाल्याचा भपकारा नाकात शिरला.

"वढू नगंस."

मावशी पोत्यापाशी उभ्या होत्या. हातात चुन्याची चाळण. "आता वढलंस तर आत आडकंल. मग मला बी काय करता यायचं न्हाई."

"त्याला दवाखान्यात न्यायचंय," मी ओरडले. ओरडले असं मला वाटलं. प्रत्यक्षात कुजबुजच आली.

"ने की. कोण नगं म्हणतंय? मोकळा झाल्यावर ने."

त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. माझं डोकं अजून चालत होतं. चुन्याची ॲलर्जी, ते सांगत होतं. काविळीनंतरचा कातडीचा काहीतरी रोग. फोन हातात आहे, रुग्णवाहिका बोलव. रुग्णवाहिका येईल, चार माणसं येतील, त्याला काखेत हात घालून उचलतील. आणि मला बादलीतल्या अळ्या दिसल्या, पुढून पांढऱ्या, मागून काळ्या. मी फोन खाली ठेवला.

मनगट मात्र सोडलं नाही. सोडावंसं क्षणाक्षणाला वाटत होतं, इतकी किळस आली होती. त्या सैल, कोरड्या कातडीखाली काहीतरी बारीक बारीक हलत होतं आणि ते माझ्या तळव्याला कळत होतं. मी दात आवळून धरून बसले. माझा भाऊ होता तो. त्याला एकट्याला कसं सोडणार?

७

ऊन कललं तेव्हा त्याच्या पाठीकडून आवाज आला. कांद्याचं वाळकं साल निघताना होतो तेवढाच. मी डोळे गच्च मिटले. माझ्या मुठीतला हात हळूहळू आक्रसत, मागं सरकत गेला, थांबला, पुन्हा सरकला. मग मूठ हलकी झाली.

डोळे उघडले आणि फक्त स्वतःच्या हाताकडं पाहिलं. त्यात पोकळ, पातळ असं काहीतरी होतं. पाच बोटं. नखं जागच्या जागी. अंगठ्याखाली लहानपणी विळी लागली होती तिचा व्रणही तिथंच. मी ते जपून खाली ठेवलं. जपून का, ते मला सांगता येणार नाही.

वर मी पाहिलं नाही. समोर काहीतरी ओलं, पांढरं होतं एवढं नजरेच्या कडेला येत होतं, आणि ते श्वास घेत होतं.

"ताई."

आवाज निमिषचाच होता. जरासुद्धा बदललेला नव्हता.

"ताई, भूक लागली."

कावीळ झाल्यापासून तो स्वतःहून कधी असं म्हणाला नव्हता.

मी कोपऱ्याकडं तोंड फिरवून भडाभडा ओकले. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिले. मावशींनी पाठीवरून हात फिरवला, तांब्याभर पाणी दिलं. चूळ भरून झाल्यावर त्यांनी तुतीच्या ओल्या फांद्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

"शेंड्याची दे," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा जून पाला पचत न्हाई."

मी तोंड पुसलं. शेंड्याची कोवळी पानं खुडली आणि मान वर न करता हात पुढं केला. तळहाताला काहीतरी गार आणि मऊ लागलं, पानं गेली, आणि चावण्याचा आवाज सुरू झाला. तो थांबायच्या आत मी दुसरी मूठ खुडून तयार ठेवली.